जाळ्यातून सुटलेल्यांचा हिशोब

नारळी पौर्णिमा झाली, पावसाचा जोर ओसरला, दर्या जरा निवळला की मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागायला सुरुवात होते. होडी पाण्यात मोठं अर्धवर्तुळ काढत जाळं सोडत जाते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. दोन रांगांत उभी राहिलेली माणसं ते दोर ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात आणि शेवटी जाळ्याची झोळी वाळूवर येते. तारली, बांगडे, एखादी सुरमई, खेकडे आणि कुणालाच नको असलेला कचरा. माझे मामा आयुष्यभर रापणीत होते. मी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो.

एका सकाळी मी मामांना सांगत होतो की जिनिव्हा शहराजवळ शास्त्रज्ञ प्रोटॉनवर प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण एकमेकांवर आपटतात, त्यातून किती नवे कण निघाले ते मोजतात, आणि ही मोजणी इतकी नेमकी असते की सरासरी दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत देतात. मामा मासळी पाटीत भरत होते. मान वर न करता म्हणाले, "जा गावला ता दिसता रे. सुटान गेला ताचो हिशोब कसो लावतत ते?"

मी त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. त्यांनी एका वाक्यात या विषयाच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. हा लेख म्हणजे त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी टक्कर म्हणजे काय ते बघू. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर, २७ किलोमीटर परिघाचा एक गोल बोगदा आहे. मालवणाहून कुडाळला जायला साधारण जेवढं अंतर पडतं, तेवढा त्याचा घेर. या यंत्राचं नाव लार्ज हॅड्रॉन कोलायडर, आणि ते चालवणारी संस्था सर्न. बोगद्यातल्या नळीतून प्रोटॉनचे पुंजके दोन विरुद्ध दिशांनी धावतात. एकेका पुंजक्यात सुमारे ११,००० कोटी प्रोटॉन असतात, आणि प्रत्येक प्रोटॉन त्या २७ किलोमीटरच्या ११ हजारांहून जास्त फेऱ्या एका सेकंदात मारतो. चार ठिकाणी हे पुंजके एकमेकांतून आरपार नेले जातात. बहुतेक प्रोटॉन एकमेकांना न शिवताच निघून जातात. काही आपटतात.

आपटतात किती जोराने? २०२२ पासून प्रत्येक प्रोटॉनची ऊर्जा ६.८ टेरा इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे समोरासमोरच्या टकरीत एकूण १३.६. (पुढे मी याला नुसतं 'टेरा' म्हणेन.) एक टेरा म्हणजे साधारण उडत्या डासाची ऊर्जा. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण डासात अणूंचे ढीगच्या ढीग असतात आणि इथे ती ऊर्जा एका अणूपेक्षाही लाखभर पटीने लहान वस्तूत कोंबलेली असते. तिथेच सगळी गंमत आहे.

पुष्कळांना वाटतं की प्रोटॉन आपटले की फुटतात आणि त्यांचे तुकडे बाहेर उडतात. वर्गात मी याला नारळी पौर्णिमेचाच दाखला देतो. त्या दिवशी मालवणात नारळ लढवतात. एकाचा नारळ दुसऱ्याच्या नारळावर आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. आता समजा, दोन नारळ आपटले आणि त्यांच्या करवंट्यांऐवजी तिथे साठ नवीन नारळ तयार झाले, काही शहाळी, काही सुपाऱ्या, आणि शिवाय दोन-चार आंबे. प्रोटॉनच्या टकरीत नेमकं असंच होतं. बाहेर येणारे कण आत आधीपासून नव्हते. टकरीच्या ऊर्जेतून ते नव्याने घडतात. ऊर्जा आणि वस्तुमान यांचा आइनस्टाइनने सांगितलेला संबंध इथे सेकंदाला कोट्यवधी वेळा प्रत्ययाला येतो.

ते घडतात कसे, याचं आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं चित्र स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या मंडळींनी मांडलं. प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं बल विलक्षण आहे. दोन क्वार्क एकमेकांपासून दूर न्यायला लागलं की त्यांच्यामध्ये जणू एक ताणलेली दोरी तयार होते, आणि अंतर वाढलं तरी तिचा ताण कमी होत नाही. तो ताण सुमारे १६ टन वजनाएवढा असतो, आणि एवढा ताण एका प्रोटॉनच्या रुंदीच्या दोरीत! अशी दोरी फार वेळ टिकत नाही, ती तुटते. आपल्याकडच्या काथ्याच्या दोरीचं काय होतं? मध्ये तुटली की प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन टोकं असतात. सुट्टं, एकटं टोक कधी हाती लागत नाही. इथेही तसंच. दोरी तुटते तिथे दोरीतल्या ऊर्जेतून एक नवा क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क जन्मतात, ते तुकड्यांची नवी टोकं होतात, तुकडे पुन्हा तुटतात, आणि शेवटी छोटे छोटे तुकडे उरतात. तेच आपले कण. त्यांतले बहुतेक पायॉन, म्हणजे या जातीतले सर्वांत हलके. त्याखालोखाल केऑन, आणि थोडे प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन.

इथे एक साधा हिशोब करून बघण्यासारखा आहे. पायॉनचं वस्तुमान ०.१४ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असतं (एक टेरा म्हणजे हजार गिगा). १३.६ टेरा ऊर्जा सगळीच्या सगळी पायॉन बनवण्यात खर्च झाली असती तर एका टकरीत सुमारे ९७,००० पायॉन निघाले असते. प्रत्यक्षात नेहमीच्या टकरीत निघतात ते काही डझन, फार तर शे-दोनशे. उरलेली ऊर्जा जाते कुठे? ती कणांच्या वेगात जाते. टकरीतून वाचलेले अवशेष मोठा वाटा घेऊन जवळजवळ सरळ पुढे, नळीच्याच दिशेने निघून जातात. माझ्या विद्यार्थ्यांना हा आकडा सांगितला की वर्ग क्षणभर गप्प होतो, आणि तेव्हा मला शिकवण्याचं सार्थक वाटतं.

मग हे साधे, रोजचे कण कशाला मोजायचे? वर्तमानपत्रांत नाव येतं ते हिग्ज बोसॉनचं, तोच शोधावा. तर, हिग्ज निघतो साधारण दीड अब्ज टकरींत एकदा. बाकीच्या सगळ्या टकरी 'साध्या' असतात. आणि या साध्या टकरीच आपल्याला पूर्णपणे समजलेल्या नाहीत. क्वार्कना बांधणाऱ्या बलाची समीकरणं १९७३ पासून माहीत आहेत. त्यामागच्या कामासाठी ग्रॉस, पोलित्झर आणि विल्चेक यांना २००४ चं नोबेल मिळालं. पण ती समीकरणं कागदावर मांडून 'एका टकरीतून सरासरी इतके पायॉन निघतील' असं उत्तर काढता येत नाही. बल खूप मोठं असतं तिथे नेहमीच्या गणिती युक्त्या कोलमडतात. म्हणून तिथे मोजण्याला पर्याय नाही. मोजायचं आणि मग दोरीच्या चित्रासारखी चित्रं त्या आकड्यांवर घासून पाहायची. मला स्वतःला हिग्जपेक्षा ही साधी मासळी जास्त ओढ लावते, हे इथे कबूल करतो.

आता जाळं. टकरीच्या जागेभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर रचलेले शोधक असतात. अ‍ॅलिस नावाच्या प्रयोगात सर्वांत आतले सिलिकॉनचे दोन थर नळीच्या मध्यापासून सुमारे ४ आणि ७.६ सेंटिमीटरवर होते आणि त्यांत जवळजवळ एक कोटी बारीक चौकटी होत्या. विद्युतभारित कण चौकटीतून गेला की तिथे चिमूटभर भार सुटतो आणि ती चौकट 'लागली' अशी नोंद होते. पहिल्या थरातला ठिपका आणि दुसऱ्या थरातला ठिपका जोडून रेघ मागे न्यायची. ती टकरीच्या बिंदूतून गेली तर एक कण मोजायचा. इतकं सरळ.

त्याबाहेर मोठा चुंबक आणि वायूने भरलेलं ५ मीटर लांबीचं पिंप असतं. चुंबकीय क्षेत्रात भारित कणाचा मार्ग वाकतो. हळू कण जास्त वाकतो, वेगवान कमी. वाक मोजला की संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग मिळून कणाचा जोर कळतो. आणि कण कुठला, ते? अ‍ॅलिसमध्ये टकरीपासून सुमारे पावणेचार मीटरवर घड्याळांचा एक थर आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. त्याच संवेगाचा जड प्रोटॉन हलक्या पायॉनपेक्षा किंचित उशिरा पोचतो. हा उशीर सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागांच्या शंभरीत मोजावा लागतो, आणि ही घड्याळं तो मोजतात.

ज्यांना भार नाही त्यांचं काय? पायॉनांतले साधारण एकतृतीयांश निर्भार असतात. ते निमिषात दोन फोटॉनांत मोडतात आणि या थरांत रेघच उमटत नाही. हे फोटॉन मोजण्यासाठी अ‍ॅलिसमध्ये बसवलेला फोटॉन शोधक भारतात घडला. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने आणि देशातल्या अनेक विद्यापीठांच्या हातांनी. मुंबईची आयआयटीही अ‍ॅलिसमध्ये आहे, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या माणसांनी सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाचा एक बाह्य थर उभारला. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. आमच्या भागातली मुलं 'सर, ते सगळं तिकडचं' म्हणतात तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगतो.

कण कुठल्या दिशेला गेले, हेही लिहायचं असतं. त्यासाठी साधे अंश वापरत नाहीत, कारण नळीच्या दिशेला कणांची इतकी गर्दी असते की शेवटच्या एका अंशात ढीगभर कण सापडतात आणि काटकोनाजवळच्या दहा अंशांत थोडेच. म्हणून 'ईटा' नावाचं माप वापरतात. नळीशी काटकोन म्हणजे ईटा शून्य. ४५ अंश म्हणजे ०.८८, १० अंश म्हणजे २.४४, १ अंश म्हणजे ४.७४. नळीजवळचे अंश या मापात ताणले जातात आणि कण बऱ्यापैकी सारखे पसरतात. 'सरासरी इतके कण' असं जे म्हणतात ते सहसा ईटाच्या एका एककात, काटकोनाच्या आजूबाजूला मोजलेले भारित कण असतात.

आता मामांचा प्रश्न.

जाळ्याला आस असते, म्हणजे धाग्यांमधली मोकळी जागा. आसेपेक्षा बारीक मासा सुटतो. शोधकालाही आस असते. फारच कमी संवेगाचा कण चुंबकीय क्षेत्रात इतका वाकतो की बाहेरच्या थरापर्यंत पोचतच नाही, किंवा नळीच्या भिंतीतच थांबतो. जाळ्याला भोकंही पडलेली असतात. काही चौकटी बंद पडतात, दोन थरांच्या जोडांत फटी असतात. उलट, जाळ्यात नको तेही येतं. एखादा फोटॉन नळीच्या भिंतीवर आदळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार करतो, आणि ती मूळ टकरीतली नसूनही रेघ उमटवते. एखादा अल्पायुषी कण दोन-तीन सेंटिमीटर जाऊन मोडतो आणि त्याची पोरं मोजणीत घुसतात. मोठ्या माशाच्या पोटात छोटा मासा सापडला तर तो आजच्या मासळीत धरायचा का? हे आधी ठरवावं लागतं. प्रयोगशाळा तसं ठरवतात. किती आयुष्याचा कण 'मूळ' धरायचा, याची मर्यादा निकालाबरोबर लिहून देतात. ती न लिहिता दिलेल्या आकड्याला काडीचाही अर्थ नाही.

हिशोब लावायची रीत अशी. आधी संगणकात टकरी घडवतात. दोरीच्या चित्रावर उभी असलेली पिथिया नावाची आज्ञावली आहे, वेगळ्या चित्रावरची एपॉस आहे. त्यातून निघालेले कण मग शोधकाच्या संगणकी प्रतिकृतीतून नेतात. त्या प्रतिकृतीत प्रत्येक थर, प्रत्येक खिळा, प्रत्येक बंद चौकट असते. आता आपल्याला दोन्ही गोष्टी माहीत असतात, खरे कण किती निघाले आणि जाळ्यात किती सापडले. समजा, विशिष्ट दिशेला, विशिष्ट संवेगाचे १०० निघाले आणि ८० सापडले. मग खऱ्या टकरीत त्या जागी सापडलेला प्रत्येक कण सव्वा धरायचा. पोटातल्या माशांचा वाटा असाच वजा करायचा.

इथे चाणाक्ष वाचक थांबेल. ज्या चित्राची परीक्षा घ्यायची, तेच चित्र वापरून दुरुस्ती करायची? हा वाकडा व्यवहार झाला. शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातल्या माणसांची अर्धी मेहनत तिच्यावरच जाते. दुरुस्ती शक्यतो शोधकाच्या गुणांवर टेकवतात. 'या संवेगाचा पायॉन या जागी दिसण्याची शक्यता किती' हे बऱ्याच अंशी कुठल्या चित्रातून पायॉन आला यावर अवलंबून नसतं. मग तीच दुरुस्ती दोन-तीन वेगवेगळ्या चित्रांनी करून बघतात आणि उत्तरांतला फरक अनिश्चितता म्हणून छापतात. शोधकातल्या पदार्थाचं वजन दोन-चार टक्क्यांनी कमीजास्त धरून बघतात. खऱ्या विदेतच तपासता येईल ते तिथेच तपासतात. आकड्यापुढचं अधिक-उणे चिन्ह हे या सगळ्या झटापटीचं फळ असतं. अशा मोजणीत ते बहुतेक वेळा टकरींच्या संख्येमुळे येत नाही, टकरी तर भरपूर असतात. ते येतं आपल्या जाळ्याबद्दलच्या अज्ञानातून.

अजून एक फट आहे, आणि ती मला सर्वांत शिकवणारी वाटते. कधी कधी रापण रिकामी येते. वहीत फक्त मासळी लागली तेच दिवस मांडले, तर 'एका ओढीला सरासरी किती' हा आकडा फुगणार. टकरींतही असंच होतं. काही टकरींत एक प्रोटॉन दुसऱ्याला जेमतेम चाटून जातो. त्यातून निघालेले थोडे कण नळीच्या दिशेला जातात आणि मधल्या शोधकात एकही पडत नाही. ही टकर झाली हे शोधकाला कळतच नाही. मग अशा टकरींची संख्या इतर मोजमापांवरून अंदाजून सरासरीत घालावी लागते, किंवा स्पष्ट सांगावं लागतं की ज्यांत निदान एक कण सापडला अशाच टकरींची ही सरासरी आहे. १३ टेरा ऊर्जेला अ‍ॅलिसने दोन्ही आकडे दिले. सगळ्या टकरी धरल्या तर ईटाच्या एका एककात सरासरी ५.३१ भारित कण. निदान एक कण सापडलेल्याच धरल्या तर ६.४६. यंत्र तेच, टकरी त्याच, आणि वही कशी मांडली यावरून आकड्यात एक पूर्णांकाहून जास्त फरक. दोन प्रयोगांच्या आकड्यांची तुलना करताना ही गोष्ट विसरली की भलतेच निष्कर्ष निघतात.

टिपायच्या टकरीही न निवडता घ्याव्या लागतात. हिग्ज शोधणारे सुरमईचे गिऱ्हाईक असतात, झोळीत काही मोठं चमकलं तरच ती ठेवायची. इथे उलट. शक्य तितक्या कमी अटी घालून, जे आलं ते सगळं ठेवायचं. आणि गर्दीही नको. नेहमीच्या कामात पुंजके एकमेकांतून जाताना एकाच वेळी पन्नास-साठ टकरी होतात, म्हणजे पन्नास रापणींची मासळी एकाच ढिगात. कुठला बांगडा कुठल्या रापणीचा, हे कोण सांगणार? म्हणून या मोजणीसाठी प्रोटॉन विरळ ठेवून वेगळे दिवस राखून ठेवतात.

टकरी मुळात किती वेळा होतात, हे मोजायला डच अभियंते सायमन व्हॅन डर मीर यांनी १९६८ मध्ये सुचवलेली युक्ती अजून वापरतात. एक झोत दुसऱ्यावरून केसापेक्षाही बारीक पावलांनी आडवा सरकवत न्यायचा आणि टकरींचा वेग कसा वाढतो, कसा उतरतो ते पाहायचं. त्या चढउतारावरून झोतांची जाडी कळते आणि जाडीवरून प्रोटॉनचा 'लक्ष्य म्हणून आकार' कळतो. तो ऊर्जेबरोबर वाढतो. जास्त वेगाच्या प्रोटॉनला चुकवणं जास्त अवघड!

पहिली मोजणी कशी झाली, हे सांगायला मला फार आवडतं. २३ नोव्हेंबर २००९ ला या यंत्रात पहिल्यांदा प्रोटॉन समोरासमोर आणले. ऊर्जा अगदी कमी, ०.९ टेरा. अ‍ॅलिसच्या हाती त्या दिवशी २८४ टकरी लागल्या. फक्त २८४. पुढच्या काही दिवसांतच त्यांनी त्यांवर निबंध लिहून पाठवला. सरासरी आली ३.१०; टकरी थोड्याच असल्याने अधिक-उणे ०.१३, आणि जाळ्याबद्दलच्या अज्ञानामुळे अधिक-उणे ०.२२. सर्नच्याच जुन्या यंत्रावर त्याच ऊर्जेला प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन आपटून १९८० च्या दशकात जे मोजलं होतं त्याच्याशी ती जुळली. वीस-पंचवीस वर्षांनी, वेगळं जाळं, वेगळी माणसं, आणि तोच आकडा.

पुढच्या वर्षी ऊर्जा ७ टेरावर गेली आणि तिथे चित्रं हुकली. ०.९ ते ७ टेरा या चढणीत निदान एक कण असलेल्या टकरींची सरासरी ३.८१ वरून ६.०१ झाली, म्हणजे साडेसत्तावन्न टक्क्यांच्या आसपास वाढ. तेव्हाच्या बहुतेक आज्ञावल्यांनी याहून कमी वाढ सांगितली होती. ऊर्जा जवळजवळ आठपट झाली तरी कण दीडपटीच्या थोडेच पुढे गेले, हे खरं. पण तेवढेही चित्रांत बसत नव्हते. आज्ञावल्यांचे स्क्रू पुन्हा पिळावे लागले.

सरासरीच्या पलीकडे शेपूट आहे. बहुतेक टकरींत थोडेच कण, पण क्वचित एखादीत सरासरीच्या दहापट. मामांच्या भाषेत, वर्षातून एकदा येणारी ती भरगच्च रापण. २०१० मध्ये सीएमएसने नेमक्या अशाच टकरी वेगळ्या काढल्या तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. नळीच्या बाजूने एकमेकांपासून खूप लांब गेलेले कणसुद्धा नळीभोवती एकाच बाजूला झुकले होते, जणू त्यांचा आधीपासून काही संबंध होता. असं दिसतं ते शिशाची अवजड अणुकेंद्रकं आपटून क्वार्कांचा रस तयार होतो तेव्हा. प्रोटॉनसारख्या इवल्याशा टकरीत कुणी त्याची अपेक्षा केली नव्हती. २०१७ मध्ये अ‍ॅलिसने दाखवलं की टकरीत कण जितके जास्त, तितकं स्ट्रेंज क्वार्क (क्वार्कची एक जड जात) असलेल्या कणांचं प्रमाणही वाढत जातं, आणि शेवटी शिशाच्या टकरींच्या जवळ पोचतं. सुट्ट्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोऱ्यांच्या चित्रात हे बसत नाही. दोऱ्या दाटीवाटीत एकमेकींत गुंतून जाड दोरखंड होतात का? की प्रोटॉनच्या टकरीतही तो रस थेंबभर का होईना तयार होतो? दोन्ही बाजूंना जाणकार आहेत. मला दोरखंडाचं चित्र आवडतं, पण आवडण्याने काही ठरत नाही.

हे सगळं जिनिव्हाचं. पण अशा टकरी या क्षणी आपल्या डोक्यावरही होत आहेत. अवकाशातून येणारे कण बहुतांशी प्रोटॉनच असतात आणि ते हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनवर पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर आदळतात. पुन्हा तेच, पायॉन. ते मोडून म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद होतात. म्युऑनचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या २.२ दशलक्षांश भागाएवढं. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा पाऊण किलोमीटरही जात नाही. पण वेगामुळे त्यांचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंदावतं आणि ते समुद्रसपाटीपर्यंत पोचतात. दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक. तारकर्लीच्या वाळूवर उताणा तळहात धरून बसलात तर मिनिटाला शंभरेक म्युऑन त्यातून आरपार जातात.

यंत्रातल्या १३.६ टेराच्या टकरीची बरोबरी करायला अवकाशातून येणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा सुमारे एक लाख टेरा लागते, कारण हवेतलं केंद्रक समोरून धावत येत नाही, उभंच असतं. एवढ्या आणि याहूनही कितीतरी मोठ्या ऊर्जेचे कण खरोखर येतात, आणि प्रत्येकामुळे जमिनीवर कणांचा पाऊस पडतो. अर्जेंटिनात पिएर ऑजे वेधशाळेने ३,००० चौरस किलोमीटरवर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त जागेवर, पाण्याच्या टाक्या मांडून हा पाऊस मोजला आहे. त्यात म्युऑन आज्ञावल्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. म्हणजे टकरीत पायॉन किती, निर्भार किती, पुढच्या दिशेला किती ऊर्जा, यात आपण अजून कुठेतरी चुकतो आहोत. जिनिव्हात मोजलं जातं ते मुख्यतः नळीच्या आडव्या बाजूला, आणि या पावसाला घडवतात ते सरळ पुढे जाणारे कण, म्हणजे नेमके आपल्या जाळ्यातून सुटणारे. त्यांच्यासाठी टकरीच्या जागेपासून १४० मीटरवर, झोताच्याच रेषेत, एलएचसीएफ नावाचा छोटा शोधक बसवला आहे.

आणि जुलै २०२५ मध्ये त्या यंत्रात पहिल्यांदा प्रोटॉन ऑक्सिजनवर आपटवले गेले. हवेत होतं तेच, पण जाळ्याच्या मधोमध. हे मी मामांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मगे? किती गावले?"

मी म्हटलं, "मोजतत अजून. सुटले तेंचो हिशोब लागूक वेळ लागता, मामा."